दोन सेकंद

मनगटाचं आधी सांगते.
एकवीस वर्षं प्रोब दाबून दाबून
अंगठ्याच्या मुळाशी एक ठणका बसलाय.
भाकरी थापताना उठतो,
राजारामपुरीच्या उतारावर
गाडीचा ब्रेक दाबताना उठतो,
झोपेत तर माझ्याआधी उठतो.

म्हणून हा हात आलाय.
पांढरा, सहा सांध्यांचा,
कोपरात निळा दिवा.
पुण्याच्या ओजसनं आठ महिने
माझ्या हाताला तारा बांधून ठेवल्या.
किती दाबते, केव्हा सोडते,
बरगडीवरून घसरून
फटीत कशी उतरते,
अकराशे छात्यांवरचं सगळं
टिपून घेतलं त्यानं
आणि याला शिकवलं.

आज पहिले दस्तगीर मुजावर.
वय एकसष्ट, दम लागतो,
शिरोलीच्या फाउंड्रीत कोअर करायचे.
शर्ट काढून डाव्या कुशीवर झाले,
हाताकडे नजर गेली
आणि उठून बसले.

"असलाच आलता आमच्यात. पिवळा.
लोखंड वतायला ठेवला त्येला.
चौघं घरला गेलो त्या दिवाळीत.
आता ह्यो छातीवर घिऊ व्हय?"

यावर मी काय बोलणार?
माझ्या हातात तेव्हा फक्त
जेलची बाटली होती.
"गार लागेल हं," म्हटलं.

हात आला.
कातडीच्या केसभर अलीकडे थांबला,
मग टेकला,
मी टेकते तस्साच, करंगळीच्या बाजूनं आधी.
माझ्या पोटात काहीतरी हललं.
आपली चाल दुसऱ्या कुणाच्या पायात
रस्त्यावर दिसावी, तसं.

पडद्यावर चार कप्पे उघडले.
हिरवी रेघ आपोआप पोकळीभोवती फिरली
आणि एका जागी फसली,
स्नायूच्या खांबाला भिंत समजली.
मी बोटानं ती बाहेर सरकवली.
एक्केचाळीसचे अडतीस झाले.
आकडा तिनं काढला,
वाईट बातमी मी केली.

"ती काळी जागा कसली?"
पोकळी, म्हटलं. रक्ताची.
"हां. म्हंजे आमचंच काम.
वाळूची पोकळी करायची,
भवतीनं लोखंड येतंय, मधी जागा ऱ्हाती.
जलमभर वाल केले बगा पाण्याचे.
ह्यातला माझा वाल कंचा?"

दाखवला.
दर ठोक्याला निळ्या रंगाची एक चूळ
उलटी वरच्या कप्प्यात जात होती.
बराच वेळ बघत राहिले.
"कोअर सरकला की असंच हुतंय," म्हणाले,
"रिजेक्टात टाकायचो आम्ही असला माल."

तेवढ्यात हात थांबला.
एका खिडकीतून दुसरीकडे जाताना
तो असा थांबतो, दोन सेकंद.
गेल्या महिन्यात ओजस म्हणाला होता,
ताई, हा वेळ वाया जातोय,
तुमच्या रेकॉर्डिंगमधून आलाय, काढू का?
मी आठवून बघितलं.
तिथं मी बोलत असायची.
श्वास सोडा, थांबा, छान.
गाव कुठलं? जेवलात का?
तारांनी हात तेवढा घेतला होता,
आवाज घेतलाच नव्हता,
फक्त त्याची जागा राहिली होती,
वाळू झाडून काढल्यावर राहावी तशी.

राहू दे, म्हटलं होतं मी.

त्या जागेत आज विचारलं,
"दस्तगीर म्हणजे काय हो?"
तोंड भिंतीकडेच ठेवून ते म्हणाले,
"हात धरणारा."
आणि हात पुन्हा चालू लागला.

नंतर टॉवेलनं छाती पुसली,
बटणं लावली, एक चुकलं, परत लावली.
डॉक्टर कधी बघणार, विचारलं.
दारापाशी गेले, मागं आले,
यंत्राच्या कोपराला
बोटाचं टोक लावून चटकन काढलं,
भट्टीतल्या माणसाची सवय.

"गारच हाय की," म्हणाले.

मी मनगट चोळत
पुढचं नाव पुकारलं.