बूच नाही

दुपारी दोनला फोन आला : बर्फाने घाट बंद.
आठ पाहुणे रद्द.
मी म्हटलं, जिवापेक्षा काय मोठं, वसंतात या,
आणि रिसीव्हर कानाला धरूनच कमरेत वाकले,
जसं काही त्यांना दिसत होतं.

आठ मासे मीठ लावून काड्यांना टोचलेले.
आठ युकाता इस्त्री करून.
दारात आठ जोड सपाता, टाचा आत, चवडे बाहेर.
कोण किती पाण्यात आहे
हे मला पाण्यात उतरण्याआधीच कळतं,
उंबऱ्याशी बूट कसे काढतात त्यावरून.
आज काही कळणार नाही.

पाण्याला मात्र कुणी फोन केला नाही.
ते येतच राहिलं डोंगराच्या पोटातून,
बासष्ट अंशांचं, वाफाळतं,
सडक्या अंड्याच्या वासाचं.
त्सुनेयो सासूबाई गेल्या त्या पहाटेही
ते असंच येत होतं,
आणि मी रडायच्या आधी
नळ खरवडायला गेले होते.
नळात गंधक साचतं. इथले लोक त्याला
पाण्याची फुलं म्हणतात.
म्हणोत. फुलांनी कुणाची नखं जात नाहीत.

मी दक्षिणेची, समुद्राकाठची.
लग्नात तोकुजीने चांदीची अंगठी घातली,
ती आठव्या दिवशी काळी पडली.
मी घाबरले. सासूबाई हसल्या,
म्हणाल्या, पाण्याने तुला ओळखलं.
तेव्हापासून ती तांदळाच्या डब्यात आहे.
ही वाफ धातू खाते :
तीन टीव्ही, दोन फ्रीज, तोकुजीचा ट्रान्झिस्टर.
तोकुजीला मात्र वाफेने नाही, सिगारेटींनी खाल्लं.

थंड पाणी ओतून ऊन पाणी निववायचं नाही.
लाकडी पन्हळीतून फिरवायचं, फळीने घुसळायचं,
कोपर बुडवून बघायचं.
थर्मामीटर आहे, सरकारी माणसाला दाखवायला.
यंदा कोपर म्हणतं, एका अंशाने कमी.
थर्मामीटर म्हणतो, नाही.
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मुलगा नागोयाहून म्हणतो, आई, विकून टाक.
पैसा पाण्यासारखा वाहतो असं लोक बोलतात ;
आमच्याकडे नुसतं पाणीच वाहतं.
आणि विकायचं काय ?
अकरा खोल्या, गळकी पडवी, एक मांजर.
पाणी आमचं नाहीच. आम्ही त्याच्या वाटेत बसलोय,
चार पिढ्या, इतकंच.

रात्री नऊला दार वाजलं.
ओनोदेरा, बर्फ सारायच्या गाडीवरचा.
भुवयांवर बर्फ, बोटं उघडत नव्हती.
चहा द्या म्हणाला. मी टॉवेल दिला.
बावीस वर्षं तो आमच्या दारापुढचा रस्ता मोकळा करतोय,
आणि एकदाही आत आला नव्हता.
पाहुण्यांची जागा, म्हणाला, मी काय,
गावातलाच.
मोठ्या टाक्यात एकटाच उतरला.
भिंतीपलीकडून आधी एक लांब उसासा आला,
मग बराच वेळ काही नाही,
मग कुठलंसं शाळेतलं गाणं, बेसूर.

मासे खाल्ले त्याने. तीन.
जाताना खिसा चाचपू लागला, मी रागावले.
तो दारात बसून बूट घालू लागला,
आणि आपल्या सपाता
वळवून, टाचा आत, चवडे बाहेर
लावून गेला.

आता एक वाजलाय.
मालकिणीने शेवटी उतरायचं, असा नियम,
आज शेवट लवकर आला असता, त्याने लांबवला.
गळ्यापर्यंत पाण्यात बसले आहे.
उघड्या छतातून बर्फ येतो,
पाण्याला टेकायच्या आधीच नाहीसा होतो.
घरी, समुद्राकाठी, आमच्या न्हाणीत
साखळीला बांधलेलं रबरी बूच होतं ;
ओढलं की दिवस संपायचा,
गुळगुळ आवाज करत.
इथे एका कडेने येतं, दुसऱ्या कडेने सांडतं.
ओढायला काही नाही.

कोपर बुडवून पाहिलं.
एक अंश.
की मीच निवत चाललेय ?
पहाटे चारला नळ खरवडताना पुन्हा बघेन.