धूळ

वॉरंटी संपायला एकोणीस दिवस होते
तेव्हा यास्ना कोल्के यांनी पिकअप ओढून आणली
कालामातल्या आमच्या वर्कशॉपात.
टर्बो मीच उघडला. हवेच्या नळीचं सील
कारखान्यातूनच तिरकं बसलेलं,
नखभर फट.
तसं लिहिलं मी. फोटो जोडले, सहा.

सान्तियागोहून दीड ओळ आली:
धूळ आत गेली. मालकाची हयगय. दावा नामंजूर.

धूळ!
इथे पाव मोडला तरी आत धूळ निघते.
त्यांच्याच जाहिरातीत हीच गाडी
धुरळा उडवत वाळवंट कापते,
तो कागद अजून काउंटरमागे चिकटलेला आहे.

बाईंनी पावत्या मांडल्या,
ऑइल, फिल्टर, तारखा, खाली माझ्याच सह्या.
मॅनेजर म्हणाले, अपील करा, नव्वद दिवस लागतील.
माझ्याकडे पाहिलं नाही.

"मग तो भाग माझा ना?"
दावा फेटाळला की भाग मालकाचाच.
टर्बो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला,
सील वेगळं, काडेपेटीत.
काडेपेटीवर तारीख घातली
आणि, कुणी सांगितलं नव्हतं तरी,
माझं नाव.