उणे चार मिनिटं

नेब्रास्कातल्या वेल्डन जंक्शनला
दोन रूळ भेटायचे आणि एक दुकान होतं, आमचं.
पाटी : बोहुमिल क्रात्की, रेल्वेचे घड्याळ-तपासनीस.
माझं काम झाडू मारायचं आणि वही लिहायची.

पंधरवड्याला ड्रायव्हर यायचे, गार्ड यायचे,
दारात बूट आपटून बर्फ झाडायचे,
साखळीसकट काउंटरवर ठेवायचे
आपापलं चांदीच्या पाठीचं कासव.
बाबा भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघायचे
(रोज दुपारी बाराला त्याला तारेतून खबर यायची)
आणि एवढंच म्हणायचे : अधिक तीन. उणे सात.
आठवड्याला तीस सेकंदांची मुभा.
एकतिसावा दिसला की घड्याळ ड्रॉवरमध्ये,
आणि ड्रायव्हर उसन्या घड्याळावर, कानकोंडा.
पाद्रीबाबांनी पाप-पुण्य शिकवलं ते मागाहून.
मला आधी अधिक-उणे येत होतं.

एन्सेल प्रुइटचं घड्याळ एकवीस माणकांचं.
तीन वर्षांत ‘अधिक दोन’च्या पुढे गेलं नाही.
बाबा म्हणायचे, गाडी हे चालवतं,
तू नुसता धूर खातोस.
तो हसायचा, मला पेपरमिंट द्यायचा,
कोळशाची बोटं उमटलेली.

१९०६च्या फेब्रुवारीत त्याची मालगाडी
नऊ-चौदाला लूपमध्ये थांबायची होती.
थांबली नाही.
समोरून पॅसेंजर येत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाकिटातून घड्याळ आलं.
काचेला तडा, साखळी नाही.
चालू होतं. अर्धी चावी अजून शिल्लक.
बाबांनी भिंतीकडे पाहिलं, मग हातातल्याकडे,
मग पुन्हा भिंतीकडे. मी टाक बुडवून बसलेले.
काळ आला होता,
आणि वेळ बरोबर होती.
अधिक एक.

म्हणजे एन्सेल झोपला होता.
अठरा तास सलग इंजिनावर, डोळा लागला असेल.
म्हणजे दोष त्याचा, म्हणजे कोराला एक डॉलर नाही,
घर कंपनीचं, आणि पोरगा सात वर्षांचा.

ही घड्याळं नुसती चावी ओढून लावता येत नाहीत.
आधी काचेची कडी फिरवून काढायची,
मग तबकडीच्या कडेचा बारीक खटका
नखाने बाहेर ओढायचा.
चुकून कुणाकडून वेळ हलू नये, म्हणून केलेली सोय.
बाबांनी कडी काढली. खटका ओढला.
काटे मागे घेतले, हळू,
झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तसे.
“लिही, रुझेना. उणे चार मिनिटं.”
“आणि सेकंद?”
“सेकंद राहू देत.”

चौकशीत म्हणाले, गेल्या खेपेला मी न बघता सही केली.
पाटी उतरली. तार कापून नेली.
आई वर्षभर बोलली नाही, मग शिवणयंत्रं दुरुस्तीला येऊ लागली
तेव्हा तेलाचा हिशेब विचारू लागली.

सतरा साली लेलंड प्रुइट आला, खाकीत.
गावात दुसरं कोणी नव्हतं आणि त्याची गाडी तासाभरात.
मनगटावर घड्याळ, जे तोवर बायकांचं समजायचे;
काचेवर लोखंडी जाळी, आकडे अंधारात हिरवे.
“पुढे धावतंय,” म्हणाला. बसला नाही.
बाबांनी पाठ उघडली, काटी केसभर सरकवली,
बारा-दहाची शिटी होईपर्यंत थांबले,
कारण आता आमची खबर तीच.
लेलंड म्हणाला, “माझा बाप तुमच्या एका सहीने मेला.”
बाबा म्हणाले, “हो.”
आणि घड्याळ त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने डॉलर ठेवला, सुटे घेतले नाहीत.
दारापाशी पोचला तेव्हा बाबा म्हणाले,
“लेलंड, पहाऱ्याच्या आधी झोप पुरी घेत जा.”
ऐकू गेलं की नाही, कोण जाणे,
दारावरची घंटा वाजत होती.
सवयीने मी वही उघडली होती.