दावा क्रमांक एक

'बकेटच्या ओठावर बसणारा अ‍ॅडॉप्टर,
ज्याच्या वरच्या पायावर बरगडी असून
ती मागे निमुळती होत जाते, आणि
तिचे वैशिष्ट्य असे की'

इथे मी तीन दिवस अडले होते.
अक्कलकोट रोड एमआयडीसी, मे महिना, पत्र्याखाली.
यादगिरीमामा म्हणाले, लिही ना, तुटत नाही.
मामा, तो परिणाम झाला.
का तुटत नाही, ते लिहायचं असतं.
ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.
विचारलंच नव्हतं कुणी.

पोकलेनचे दात झिजतात, झिजायचेच.
पिन काढा, नवा ठोका, दहा मिनिटं.
अ‍ॅडॉप्टर गेला तर मात्र ओठ फाटतो
आणि मशीन आठवडाभर आ वासून उभं.
तुळजापूर रोडच्या खाणीतून असे फाटके ओठ यायचे,
मामा उकिडवे बसून लाल औषध फवारायचे,
पुसायचे, पांढरी पूड मारायचे,
आणि लाल रेघ उमटायची, दर वेळी त्याच कोपऱ्यातून,
वेल्डिंग जिथे संपतं तिथून.
सात वर्षं. साखर पेठेतल्या घरी
जुन्या कॅलेंडरांच्या मागे त्या रेघा आहेत.

मग एकदा माळ्यावरून त्यांनी वडिलांचा धोटा काढला.
टोक बघ, म्हणाले. कुठे संपतो सांग.
मी बोट फिरवलं. सांगता आलं नाही.
म्हणून सूत तुटत नाही, पोरी.
तशी बरगडी त्यांनी घासली, डोळ्यांनी मापून.
माप मी नंतर घेतलं, डिप्लोमाची पट्टी लावून.

अहवाल आला. सहा पानं.
एका जपानी कागदात बरगडी होती, सरळ.
एका अमेरिकी कागदात निमुळतेपणा, दुसऱ्याच जागी.
दोन्ही समोर ठेवले असता, त्या कामात निपुण व्यक्तीला
प्रस्तुत रचना सहज सुचली असती.

ही निपुण व्यक्ती कोण?
कुणी नाही मामा, कायद्याने मानलेली आहे.
तिने सगळं वाचलेलं असतं, सगळं येत असतं,
पण नवं काही सुचत नाही.
म्हणजे आपला ईरय्या, मामा म्हणाले,
आणि ईरय्याने ग्राइंडर बंद करून विचारलं,
काय झालं?

पाचव्या पानावर हसू थांबलं.
कुण्या फाउंड्रीने हरकत घेतली होती,
सोबत एक बिल, अर्जाच्या चौदा महिने आधीचं,
बिराजदारांच्या खाणीला, बारा नग, 'बरगडीवाला'.
अक्षर माझं.
चाचणीला दिले म्हणता आलं असतं,
पण पैसे घेतले होते. रॉड आणायचे होते.
आपलेच दात, आपलेच ओठ.

मामा बराच वेळ ते बिल बघत राहिले.
डबा उघडला, शेंगाचटणीत भाकरी मोडली, खाल्ली नाही.
मग म्हणाले, पण त्या बारांत
मी पुढची कड पूर्ण भरली होती.
म्हणजे?
म्हणजे वेल्डिंग, चारी बाजूंनी.
त्यातले तीन फाटले. आपण बदलून दिले, फुकट.
त्याच्यानंतर पुढे मी जागा सोडायला लागलो.
किती?
त्यांनी करंगळी दाखवली.

अठरा मिलिमीटर.

चाळीसची झळ पत्र्यातून उतरत होती.
मी आधीचं सगळं खोडलं, बरगडी राहू दिली,
धोटा मनातच ठेवला, अर्जात बसत नव्हता.
मूळ चित्रात बघितलं. तीन नंबरच्या चित्रात
ती फट होती. मीच काढली होती,
काय आहे ते न विचारता.

'तिचे वैशिष्ट्य असे की,
ओठाच्या पुढच्या कडेपासून अठरा मिलिमीटरपर्यंत
वेल्डिंग नाही.'

मामांना वाचून दाखवलं.
एवढंच? म्हणाले.
सात वर्षांचं एवढंच?
एवढंच नवं आहे, मामा. बाकीचं जगाला ठाऊक होतं.

त्यांनी सही केली, यादगिरी नरसय्या गड्डम,
तेलुगू वळणाच्या मराठीत,
आणि सहीखाली बोटभर जागा सोडली.
उत्तराची मुदत सोमवारी संपते.
मंजूर होईल का, ते मला विचारू नका.
बाहेर बिराजदारांचा ट्रक लागलाय, नवा ओठ घेऊन,
आणि ईरय्या विचारतोय, पुढची कड भरू का?