शेरा

मकरपुऱ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी भरतीचं रजिस्टर लिहिलं.
नाव, आडनाव, शिक्षण, ओळख कोणाची,
आणि कडेला एक अरुंद रकाना: शेरा.

माझ्या नावापुढे ‘ओळख’मध्ये काका होते.
दांडिया बाजारातून चालत जाऊन
त्यांनी एका संध्याकाळी शब्द टाकला.
चहा झाला, जागा झाली.
घरी आम्ही याला नशीब म्हणायचो.

मुबारक सिद्दी आला तेव्हा
गोरव्याच्या आयटीआयचं सर्टिफिकेट
प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न घालता आणलेलं.
इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. गुण माझ्याहून बरे.
साहेबांनी कागद उलटा ठेवला,
त्याचे केस पाहिले, खांदे पाहिले.
‘कुठला तू?’
‘रतनपूर. झगडियाजवळ.’
‘ते झालं. त्याच्या आधी?’
त्याच्या आधीही रतनपूरच, पण ते त्यानं सांगेपर्यंत
साहेब खुशीत म्हणाले, गेटवर शोभेल.

मी शेऱ्यात लिहिलं: गेट.

कुणी हुकूम काढला नव्हता.
शिवी तर नाहीच. दिवाळीला सगळ्यांसारखा डबा.
वर्धापनदिनी मात्र फर्माईश,
मुबारक, तुमचा तो नाच होऊन जाऊ दे.
तो नाचायचा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा सलाम, पुन्हा गाड्यांचे नंबर.

मग त्याचा चुलतभाऊ: गेट.
मेहुणा: गेट, रात्रपाळी.
पुढे पुढे विचारावंही लागलं नाही,
पेन आपसूक वळायचं.
साहेब लोक म्हणत, त्यांच्यातला एक तरी मीटरवर दिसतो का?
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.
मी मान डोलवायचो,
आडाच्या झाकणावर बसूनच.

गेल्या वर्षी सगळी रजिस्टरं
मीच संगणकात चढवली, पान न् पान.
आता मशीनच जागा सुचवतं.
ते बसवायला आलेला पोरगा म्हणाला,
दिघेभाई, याला जात नाही, रंग नाही, डोळेच नाहीत.
हे फक्त जुनं रेकॉर्ड शिकतं.

सोमवारी सरवर आला, मुबारकचा थोरला.
डिप्लोमा. अंकलेश्वरला दोन वर्षं.
मी आडनाव टाइप केलं
आणि बाकीचे रकाने भरायच्या आत
पडद्यावर उमटलं: गेट.
माझंच अक्षर,
फक्त वळणदार झालेलं.

खोडून लिहिलं: इन्स्ट्रुमेंट.
चौकट लाल झाली.
कारण नमूद करा.

एकतीस वर्षं गेट लिहिताना
कारण कुणी मागितलं नव्हतं.

डिप्लोमा लिहिला. अपुरं.
अनुभव लिहिला. अपुरं.
सरवर उभाच होता, बस म्हटलं तरी,
बापाच्या सवयीनं.
शेवटी ‘ओळख’मध्ये मी माझं नाव टाकलं,
आडनावासकट.

चौकट लगेच हिरवी झाली.

सरवर थँक्यू म्हणाला, दोनदा.
मी प्रिंटरमध्ये कागद भरत बसलो,
तो भरलेला होता तरी.