पाठीवरचे आकडे

डॉक्टरबाई म्हणाल्या, एडीएचडी.
चव्वेचाळिसाव्या वर्षी.
मी त्यांच्या टेबलावरची पेन्सिल बघत होते,
टोकाशी चावून चावून पांढरी पडलेली.
म्हणजे, तुम्हीसुद्धा?
विचारायचं राहून गेलं, कारण खिडकीबाहेर
एक सीगल कुणाचा तरी अख्खा पाव चोचीत धरून
दोउरो नदीच्या पलीकडे निघाला होता.

आधीची नावं साधी होती. धांदरट. वेंधळी.
आई म्हणायची, एक ना धड.
पुढचं म्हणायची गरजच पडायची नाही.

माझं पोट भरतं ते भाराभर तुकड्यांवरच.
पोर्तोतल्या जुन्या भिंतींच्या निळ्या टाइल्स
उतरवायच्या, धुवायच्या, सांधायच्या,
पुन्हा जिथल्या तिथे.
या खेपेला एका चॅपेलची भिंत: तीनशे चौऱ्याऐंशी.
पुढून बघाल तर बाग, कारंजं, शिकारी, देवदूत.
उलटी करा:
मातकट पाठीवर काळ्या रंगात कुणीतरी लिहिलंय
सी चार. सी पाच. सी सहा.
अडीचशे वर्षांपूर्वीचा हात, जरा घाईतला.
हा माणूस मला आवडतो.
ज्याला सगळं आठवतं
तो कशाला लिहून ठेवील?

मी लिहून ठेवलं नाही असं नाही.
माझ्या कपाटात पाच डायऱ्या आहेत,
पाचही जानेवारीतच वारलेल्या.

मार्चमधल्या एका गुरुवारी
मी देवदूताच्या पावलावर होते.
फक्त टाच. कोबाल्टमध्ये किती पाणी,
किती थांबायचं, ब्रश कधी उचलायचा.
इतकी शांतता माझ्या डोक्यात एरवी नसते.
मान वर केली तेव्हा सात वाजले होते
आणि शाळा सव्वाचारला सुटते.

तेल्मु पायरीवर बसला होता, शेजारी वॉचमन अबीलियु,
दोघांच्या मधे रुमालावर संत्र्याची सालं.
तो रडत नव्हता.
रडला असता तर बरं झालं असतं.
ट्राममध्ये बराच वेळाने म्हणाला,
"आई, आपल्या घराला पण मागून नंबर घालू या."

त्या रात्री काळा मार्कर घेऊन तो घरभर फिरला.
किल्ली: के एक. दारामागचा डबा: के एक.
गोळ्यांची बाटली आणि माझा कप: जी दोन, जी दोन.
शेवटी माझ्या मनगटावर, आतल्या बाजूला, ४:१५.
अंघोळीत पुसतं. तो रोज पुन्हा लिहितो,
कधी चिडून, कधी शेजारी एक मासा काढून.

भिंतीत एक जागा रिकामी निघाली. एच अकरा.
फोटो नाही, रेखाटन नाही.
डावीकडून कुत्र्याचं शेपूट आत येतं,
उजवीकडून फांदी. मधे काय होतं, देव जाणे.
लिओपोल्दिना म्हणाली, कोरी ठेव, नियम तसा आहे.
तिच्या यादीत प्रत्येक ओळीला टिकमार्क असतो
आणि ती माझी भट्टी वेळेवर बंद करते,
म्हणून तिच्याशी मी जपून भांडते.
तीन दिवस भांडले.
जुने कारागीर तर हाताला येईल ते बसवायचे, म्हटलं;
खालच्या गल्लीत एका संताच्या बाहीत
चक्क जहाजाचं शीड आहे, आणि संत
काही बोललेला नाही.

मग कोरी टाइल घेतली.
आधी उलटी केली. एच अकरा, ठळक,
खाली माझं नाव, साल, म्हणजे कुणी फसायला नको.
सुलटी केली, आणि आता
शेपटाने कुठेही जावं, फांदीने कुठेही.
काय काढायचं ते ठरवलं नव्हतं.
निघालं एक अर्धं सोललेलं संत्रं,
साल लोंबत गवतापर्यंत.

लिओपोल्दिनाने बराच वेळ बघितलं.
यादीत लिहिलं: एच अकरा, नवीन.
टिकमार्क केला नाही.

आज सकाळी किल्ली डब्यात होती, के एकमध्ये.
अगदी जिथे असायला हवी तिथे.
सगळं घर पालथं घालून झाल्यावर
मी तिथे बघितलं.