बोटभर अलीकडे

अंगठा मनगटाला टेकला: एक. दुसराही: दोन.
करंगळ्या मागे उलटल्या,
वाऱ्याने छत्री पालटावी तशा. चार.
मग कोपरं. मग गुडघे, उलट्या बाजूला कललेले.
तीस वर्षं हे काम करूनही माझ्या पोटात कालवलं.
शेवटी पाय ताठ ठेवून तळवे फरशीवर.
नऊ. नऊपैकी नऊ.

"शाळेत टाळ्या पडायच्या," आयनिक्की म्हणाली,
"कुणाचाही वाढदिवस असो, ते बोटांचं कर ना, म्हणायचे."
वय एकोणीस. बरणीचं झाकण निघत नाही.
रांगेत उभी राहिली की कंबर बोलू लागते.
मागच्या जुलैत गावाच्या लांब होडीत,
चौदा वल्ह्यांमधलं नववं तिचं,
बेटाला वळसा घालताना खांदा
नुसता उतरला खाली,
पायरी चुकावी तसा.
वल्हं पाण्यात. तेराजणींची लय तुटली.
हे सांगताना ती खांद्यापेक्षा
लयीबद्दलच जास्त वेळ बोलली.

सायकलवर बसवलं. भार हलकाच.
सहाव्या मिनिटाला नाडी एकशे अठ्ठ्याहत्तर.
दुखेल म्हणून बसून राहायचं,
बसून राहिलं म्हणून दुखायचं.
कागदावर यातलं काही लिहायला जागा नसते.
मी आकडा लिहिला.

खिडकीबाहेर कल्लावेसी गोठलेला.
बर्फावरून कुणीतरी स्की खांद्यावर टाकून घरी चाललेलं.
मी तिला पिवळी रबरी पट्टी दिली, सगळ्यात मऊ,
आजीबाईंना देतो ती.
ओढ. आता कोपर सरळ व्हायच्या आधी,
बोटभर अलीकडे, थांब.
"अलीकडे म्हणजे कुठे?"
खरंच विचारत होती.
तिच्या अंगात ती रेघ कुणी आखलीच नव्हती.
दार उघडायचं ते भिंतीवर आपटेपर्यंत.
थांबली, तर हात थरथरायला लागला.
पाच सेकंद. वरच्या ओठावर घाम.
"एवढंच?" रागाने.
एवढंच. दहा वेळा. परवा पुन्हा.

मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी माणसं
माझ्या ओळखीची आहेत. वडील त्यातलेच होते,
जळाऊ लाकडं फोडता फोडता गेले.
ही मात्र वाकते, वाकतच जाते,
आणि मोडते कधी,
ते एक्स-रेत दिसत नाही.
तीन डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, काही नाही झालेलं.

एप्रिलात हिरवी पट्टी. तळ्यावरचा बर्फ काळा पडला.
एका गुरुवारी ती आली आणि म्हणाली,
झोपेत कूस बदलताना मी थांबले,
बोटभर अलीकडे, आपोआप.
मग लाजून बूट काढायला लागली.

मे महिन्यात आईने दिलेली
काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली.
"अर्धं फिरवलंय. पुढचं तू फिरव, तेल्लेर्वो."
मी लावला जोर.
माझी बोटं आता मुठीत मिटत नाहीत,
हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.
तिने पाहिलं, काही बोलली नाही,
पट्टी उचलून आरशासमोर गेली.
बरणी टेबलावर.
पुढच्या गुरुवारी बघू.